छताला चार कड्या

एका रविवारी दुपारी सुरतच्या चौटा बाजारातून घरी आले, तर वरच्या खोलीतले खोके गायब. फ्रिजचा खोका, टीव्हीचा, मिक्सरचा, त्यांच्या आतले थर्माकोलचे साचे, सुतळीचे गुंडे, सगळंच. यांनी रद्दीवाल्याला वर बोलावून देऊन टाकलं होतं आणि आता नाकाला रुमाल बांधून, बनियनवर, खोली झाडत होते. लग्न झाल्यापासून यांच्या हातात मी पहिल्यांदा केरसुणी पाहिली. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच.

बदलीच्या नोकरीतल्या कुठल्याही बाईला विचारा, ती वस्तूपेक्षा वस्तूचा खोका जास्त जपते. हे बँकेत होते. सुरतला आलो तेव्हा मुलगी कडेवर होती आणि हे म्हणाले होते, दोन-तीन वर्षं काढू, मग अमळनेरच्या आसपास बदली मागून घेऊ. अमळनेरला माझी आई होती. शाळेतून निवृत्त झालेली, वडील गेल्यापासून एकटी राहणारी, आणि मी तिची एकुलती एक. ताप्ती लाइनच्या गाडीत बसलं की काही तासांत अमळनेर येतं, हे मलाही कळत होतं. पण म्हाताऱ्या माणसाला ताप आला तर काही तास फार होतात. मला तिच्याजवळ जाऊन राहायचं होतं. सुरतेकडून मला दुसरं काही नको होतं.

म्हणून या घरात मी भिंतीला खिळा ठोकू दिला नव्हता. अडाजणचं हे रो हाऊस घेतलं तेसुद्धा 'जाताना विकू' या बोलीवर. कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेलं, देवांच्या तसबिरी फळीवर भिंतीला टेकून उभ्या, आरसा खुर्चीवर. समोरच्या घरातल्या गुजराती बेन एकदा म्हणाल्या होत्या की तुमच्याकडे आलं की धर्मशाळेत आल्यासारखं वाटतं. मला त्यात काही लागलं नाही. धर्मशाळेतच राहत होतो आम्ही, मनानं.

तर खोके का दिले, असं मी विचारलं. यांनी रुमाल खाली ओढला आणि सांगितलं की या खोलीत आपण मनोरंजनाची जागा करू. कॅरम ठेवू, टेप ठेवू, बसायला काहीतरी छानसं करू. मुलगी नववीत गेली, तिच्या मैत्रिणी येतात, चार माणसं जमतात.

मनोरंजन! या माणसाचं मनोरंजन म्हणजे रविवारचं शब्दकोडं आणि त्यावर डोकं ठेवून झोप. मुलगी मात्र टाळ्या पिटत होती. ती आम्हाला मम्मी-पप्पा म्हणायची, मैत्रिणींशी गुजरातीत भांडायची आणि त्या खोलीला पहिल्या दिवसापासून 'टाइमपास रूम' म्हणायला लागली. मी दोघांच्या तोंडाकडे बघितलं. मुलीला काही माहीत नव्हतं. यांना होतं.

मी थेट विचारत नाही. थेट विचारलं की समोरचा माणूस उत्तर तयार करतो. न विचारता बघत राहिलं की तो आपोआप उघडा पडतो. आमच्याकडे याला माझा संशयी स्वभाव म्हणतात. मी चौकसपणा म्हणते.

पहिली शंका मला पत्त्यांची आली. श्रावण तोंडावर होता. आमच्याकडे श्रावण म्हणजे कांदा-लसूण बंद, सोमवारचे उपास आणि शुक्रवारी पुरणाचा नैवेद्य. सुरतेत मात्र सातम-आठमला, म्हणजे गोकुळाष्टमीच्या दिवसांत, भली भली घरं पत्त्यांचे डाव मांडून बसतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. यांच्या बँकेतले दोघे-तिघे त्यातलेच. मला वाटलं, यांनाही आता तो नाद लागला, आणि अड्डा माझ्याच घरात, माझ्याच डोक्यावर भरणार. मी यांची बॅग तपासली. जुन्या पासबुकाच्या कव्हरात सुपारीचे तुकडे निघाले, पत्ते नाहीत.

मग सुतार आला. सुरतेतल्याच लिंबायत वस्तीतला, मूळचा धरणगावकडचा, आमच्याच मुलखातला. त्यानं प्लायवूडच्या फळ्या वर नेल्या आणि खोलीतच बसून एक लांबरुंद दिवाण बनवायला घेतला. आत गाद्या ठेवायला जागा, वर हिरवट सनमायका. मी रोज चहाच्या निमित्तानं वर जायची. तिसऱ्या-चौथ्या फेरीत माझ्या लक्षात आलं की हा दिवाण जिन्याच्या वळणातून उतरूच शकत नाही. खोलीत तयार झाला, खोलीतच राहणार. बदलीवर जाणारा माणूस असलं सामान करतो का? मी चहाचा कप घेऊन जिन्यात उभी राहिले आणि पुन्हा एकदा नजरेनं वळण मोजलं. नाहीच उतरणार.

त्यापाठोपाठ भिंतीवर देखावा आला. तेव्हा घरोघरी ती टूम होती, अख्ख्या भिंतीला चिकटवायचं मोठं चित्र. आमच्या वाट्याला पिवळ्याजर्द झाडांचं जंगल आलं, त्यातून जाणारी पाऊलवाट आणि लांबवर एक लाकडी घर. ही झाडं सुरतेतही नाहीत आणि खानदेशातही नाहीत. मुलगी आणि हे बादलीत खळ कालवून पट्ट्या जोडत होते आणि मध्येच एका झाडाचा बुंधा दुसऱ्याच झाडाला लागला. ते दोघं हसून हसून दमले. मीही हसले असते, पण मी विचार करत होते की हे भिंतीवरून काढायचं झालं तर प्लास्टरसकट निघेल. पडदेही शिवून आले. कापडबाजारातल्या कुणा ओळखीच्या व्यापाऱ्याकडून यांनी चमकदार मोरपंखी कापड आणलं होतं, आणि ते नेमकं त्याच खिडकीच्या मापाचं होतं. दुसऱ्या कुठल्याच घराच्या खिडकीला ते पुरलं नसतं.

आणि मग झोपाळा. तिकडे त्याला हिंचको म्हणतात आणि तो नसलेलं घर त्यांना घर वाटत नाही. स्लॅब टाकतानाच ते लोक छतात कड्या सोडून ठेवतात. आमच्या घरात त्या नव्हत्या, कारण घर बांधणाऱ्याला मी स्वतः सांगितलं होतं की आम्हाला नकोत. आता यांनी पावसाची उघडीप बघून माणसं बोलावली, स्लॅबला आरपार चार भोकं पाडली, वर गच्चीत लोखंडी पट्ट्या बसवून त्यांना नट आवळले आणि त्यावर सिमेंट ओतलं. त्या दिवशी घरभर सिमेंटची धूळ होती. माझ्या भातावरसुद्धा. मी मूग गिळून जेवले.

संध्याकाळी सुताराला मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, की पुढेमागे हे काढायचं म्हटलं तर काढता येईल ना. तो कड्यांना साखळ्या अडकवत होता. वर बघतच म्हणाला, "आते कसाले काढतस, माय? हाऊ झोका तुम्हना नातूस्ले बी पुरी."

नातवांना पुरेल म्हणे. मला तो पुढच्या दिवाळीलाही पुरायला नको होता. समोरच्या बेन झोपाळा बघायला आल्या, चारही साखळ्या ओढून बघितल्या आणि खूश होऊन म्हणाल्या, "हवे तमे पाक्का सुरती थई गया, बेन." आता तुम्ही पक्क्या सुरतच्या झालात, असं त्यांनी प्रेमानं म्हटलं. मी त्यांचा चहा ठेवायला खाली गेले.

श्रावणात एका ओळखीच्यांकडे मंगळागौर होती. तिथं यांच्याच बँकेतल्या एकांची बायको भेटली, आनंदानं फुललेली. त्यांची बदली जळगावला झाली होती. मी अभिनंदन केलं आणि हळूच खडा टाकला, की नशीबवान आहात, आम्ही किती वर्षं मागतोय. ती फुगडीसाठी पदर खोचत होती. ती म्हणाली की नशीब कसलं, यंदा महाराष्ट्रात जागा बऱ्याच होत्या, ज्यांनी ज्यांनी मागितली त्या सगळ्यांना मिळाली. मग थांबून माझ्याकडे बघत तिनं विचारलं, "तुम्ही नव्हती का मागितली?"

मी तिच्याबरोबर फुगडी घातली. चांगली जोरात घातली. घरी येताना रिक्षात मला रडू आलं, आणि रडताना माझं डोकं मात्र चालू होतं. मागितलीच नाही. का? आईकडे जायचं आहे हे या माणसाला माहीत आहे. इतकी वर्षं माहीत आहे. मग सुरतेत असं काय आहे की ते सोडवत नाही?

याचं उत्तर मला दोनच दिवसांत मिळालं, असं वाटलं. घरात फोन असताना हे नाक्यावरच्या एसटीडी बूथमध्ये उभे होते. मी काकड्या निवडत हातगाडीमागे थांबले. बूथचं दार नीट लागत नसे. हे रिसीव्हर खांद्यात धरून हसत होते. आपल्याशी बोलताना माणूस इतका हसत नाही. मला तीन वाक्यं ऐकू आली. "कड्या बसल्या." मग, "हो, हो, पाय टेकतील इतकाच खाली ठेवलाय." आणि मग, "नाही, तिला अजून काही बोललो नाही."

कुणाचे पाय?

त्यानंतर मी रस्त्यानं बायकांच्या उंचीकडे बघत हिंडायला लागले. झोपाळा खरोखरच खाली होता. मी बसले की माझे गुडघे वर यायचे. म्हणजे ती माझ्यापेक्षा बुटकी. बँकेतली कॅशियर बाई उंच होती, ती सुटली. समोरच्या बेन बुटक्या होत्या, पण त्यांना हे घाबरत. यांचा शर्ट धुताना मी कॉलर हुंगायची. वास सिमेंटचाच यायचा. आणि हे घरात नेहमीसारखेच, ताकास तूर लागू देत नव्हते. उलट मला म्हणायचे, वर येऊन बस ना गं, किती छान वारा येतो. मी म्हणायची, मला काम आहे.

एका सकाळी हे स्टेशनवर जातो म्हणाले आणि परत आले ते आईला घेऊन. न कळवता. माझी आई, जिला मी दर खेपेला हाता-पाया पडून चार दिवस सुरतेला बोलवायची आणि जी दर खेपेला काहीतरी सबब काढायची, ती छोटीशी पिशवी घेऊन दारात उभी. मुलगी आजी आजी करत तिला सरळ वर घेऊन गेली. मी मागोमाग. आई खोलीभर फिरली, देखाव्यातल्या चुकलेल्या झाडाला हात लावून हसली आणि झोपाळ्यावर बसली.

तिचे पाय बरोब्बर जमिनीला टेकले.

माझ्या आईची उंची माझ्या खांद्याइतकी. मी दिवाणावर बसले. सगळं एकदम लख्ख दिसलं. हे आईला इथं आणणार होते. आपण तिच्याकडे जाण्याऐवजी तीच आपल्याकडे, आणि त्यासाठी खोली, दिवाण, पडदे, तिच्या मापाचा झोपाळा. मला यांच्याबद्दल इतकं भरून आलं की लग्नातसुद्धा आलं नव्हतं. डोळ्यांना पदर लावून मी म्हणाले, आई, आता परत जायचं नाव काढायचं नाही, तू इथंच राहायचं.

आईनं पायानं झोपाळा थांबवला. हे लगेच उठले आणि चहा टाकतो म्हणाले. यांनी कधी चहा टाकला नव्हता. मुलीलाही सोबत घेऊन गेले. तेव्हाच मला कळलं की अजून काहीतरी आहे.

"मी आठ दिवसांसाठी आलेय," आई म्हणाली. "तुला समोर बसून सांगायचं होतं. जावईबापूंना मीच म्हटलं होतं की तुम्ही बोलू नका, मी बोलते. आणि बदली मागू नका, असंही मीच म्हटलं होतं."

मला वाटलं तिला माझा त्रास नको असेल, जावयावर ओझं नको असेल. आया असंच म्हणतात. पण ती तसलं काही म्हणत नव्हती. ती मला तिच्या घरातल्या पुढच्या खोलीबद्दल सांगत होती. वडील गेल्यावर ती खोली खायला उठायची. मग तिनं त्यांची खाट आत लावली, खाली गादी घातली आणि शाळेतल्या दोन जुन्या मैत्रिणींना पत्ते खेळायला बोलावलं. दोनाच्या पाच झाल्या. एकीनं कॅरम आणला, एकीनं बाजाची पेटी. आता रोज दुपारी जेवणं झाली की दार उघडं असतं आणि संध्याकाळपर्यंत बायका असतात. हरणारीनं भजी तळायची असा नियम आहे. हे एकदा बँकेच्या कामानं त्या बाजूला गेले असताना न सांगता डोकावले होते आणि दुपारभर त्यांच्यात बसून सलग हरले होते. मला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. मी अमळनेरला जायची तेव्हा पुढच्या खोलीत वडिलांची खाट असायची आणि दुपारी घर चिडीचूप.

"तू यायची असलीस की मी खाट परत पुढे आणते," आई म्हणाली. "बायकांना सांगते, चार दिवस येऊ नका. पत्ते पिठाच्या डब्यात ठेवते."

मी विचारलं, का? मी काय खाल्लं असतं तिला?

तर तिला सगळं तपशिलात आठवत होतं. पहिल्यांदा दोन बायका घरात दिसल्या तेव्हा त्या गेल्यावर मी विचारलं होतं की या कोण, कशाला येतात, काही मागून नेतात का, तू कुठं सही-बिही केली नाहीस ना. मी दूधवाल्याला विचारलं होतं की आईकडे कोण कोण येतं. कपाटाच्या किल्ल्या तपासल्या होत्या. हो, केलं होतं. एकट्या बाईच्या घरात कोण येतं-जातं हे तिच्या मुलीनं नाही बघायचं तर कुणी बघायचं? हे मी तिला तसंच म्हणाले, जरा चढ्या आवाजात.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "वर्षातून तीन-चारदा लपवते, त्याचं काही नाही. पण तू तिथं राहायला आलीस तर मला रोज लपवावं लागेल. ते नाही जमणार मला, बाळा."

तिनं बाळा म्हटलं, म्हणून जास्त लागलं. मला तिचा राग आला. मी या गावात बिनखिळ्याच्या भिंतींत राहिले, आरसा खुर्चीवर ठेवून वेणी घातली, ते कुणासाठी? हेही मी बोलून दाखवलं. ती म्हणाली की ते तिला ठाऊक होतं, म्हणूनच सांगायला इतकी वर्षं लागली.

हे चहा घेऊन आले. तो इतका गोड होता की पिववेना. मी यांना तिथंच, तिच्यासमोर विचारलं की अर्ज कधीपासून केला नाही. पहिली काही वर्षं केला, हे म्हणाले, पण अमळनेरची ती खोली पाहून आल्यानंतर नाही. मग कपातल्या चहाकडे बघत त्यांनी सांगितलं की तिथून परत येताना गाडीत त्यांना वाटलं होतं, असली एक खोली आपल्याकडेही हवी. कुणी येईल, बसेल. नाहीतर तू इथं नुसती वाट बघत म्हातारी होशील.

मी कप उचलून खाली गेले. यांच्याशी दोन-तीन दिवस बोलले नाही. इतकी वर्षं दोघांनी मिळून मला फसवलं आणि वर झोपाळा टांगला, हे मला पचत नव्हतं. आजही पूर्ण पचलंय असं नाही.

आई म्हटल्याप्रमाणे राहिली. वर रोज दुपारी मैफल. मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकून वर, समोरच्या बेन हातातलं काम सोडून वर, त्यांच्यासोबत त्यांची जाऊ. आईला गुजराती येत नव्हती आणि बेनना मराठी, पण डाव कुणी चोरला यावर दोघी व्यवस्थित भांडायच्या. मी खाली कणीक मळत ऐकायची. आईचं ते हसणं मला माहीत नव्हतं. मोठं, घोगरं, मध्येच खोकल्यात अडकणारं. वडील असतानाही ती असं हसल्याचं मला आठवत नाही.

एका दुपारी मी राग बाजूला ठेवला, ताटलीत भजी घातली आणि वर गेले. जिन्यात असतानाही ते हसणं चालू होतं. मी दारात उभी राहिले. आई दिवाणावर मांडी घालून बसली होती, हातात पत्ते, समोर पानं पडलेली. तिनं मला पाहिलं आणि तिचा हात पत्त्यांसकट पदराखाली गेला.

 बेननी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. आईच्या लक्षात आलं तसा तिनं हात बाहेर काढला, पत्ते परत पंख्यासारखे धरले आणि म्हणाली, बस की. मी ताटली ठेवली. बसले नाही. भजी गार होतील, खाऊन घ्या, एवढं म्हटलं आणि खाली येऊन ओट्यापाशी उभी राहिले. मग बऱ्याच वेळानं वर पुन्हा आवाज सुरू झाले.

तिला सोडायला स्टेशनवर मी एकटीच गेले. खिडकीची जागा मिळाली होती. मी पाण्याची बाटली दिली, गोळ्या कुठल्या कप्प्यात आहेत ते सांगितलं, पोचल्यावर शेजारच्यांकडून फोन कर म्हटलं. ती सगळ्याला हो म्हणत होती. मग मी तिला विचारलं, "दिवाळीनंतर येऊ का मी?"

माहेरी जायला येऊ का असं मी आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. तिनंही ते ओळखलं असावं. फलाटावर भजीवाला ओरडत गेला, तो जाईपर्यंत ती माझ्याकडे बघत राहिली.

"ये की," ती म्हणाली. "फक्त आधी कळव."

गाडी हलली. आई घरी निघाल्याच्या आनंदात होती, आणि या वेळी तिनं तो माझ्यापासून लपवला नाही.